सोळा आणे, वीस शिलिंग

शनिवार, रात्रीचे पावणेबारा

आई आत्ता कुठे झोपली. मला झोप नाही. पंचवीस मिनिटांचा एक जुना कृष्णधवल भाग काय बघितला, बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवल्याचा हिशोब डोक्यात उलगडत बसलाय.

भाच्याने गेल्या दिवाळीत लेस्टरहून येताना ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या कालप्रवासाच्या मालिकेतल्या अगदी सुरुवातीच्या गोष्टींचा डीव्हीडी संच आणला होता. “मावशी, पहिला भाग तरी बघच, मास्तर-बाईंचा आहे,” म्हणाला होता. नवे रंगीत भाग मी त्याच्याबरोबर बघितलेत. फार पळापळ असते, बघणाऱ्यालाच दम लागतो. त्यामुळे हा संच टीव्हीखालच्या कप्प्यात धूळ खात पडला. आज संध्याकाळी केबल गेली, आईची मालिका बुडाली, म्हणून काढला.

भागाचं नाव ‘ॲन अनअर्थली चाइल्ड’. दाट धुकं, गस्तीवरचा पोलीस, भंगाराच्या वखारीचं फाटक. आत पोलिसांना फोन करायची एक उंच पेटी उभी आहे आणि ती घुमतेय. मला वाटलं, आता शिंगंबिंगं असलेलं कुणीतरी बाहेर येणार. तर थेट शाळेची घंटा! पुढची दहाएक मिनिटं इतिहासाच्या बार्बरा राइट आणि विज्ञानाचे इयन चेस्टरटन हे दोघे शाळा सुटल्यावर मागे थांबून एका विद्यार्थिनीबद्दल बोलतात. मी सरळ होऊन बसले. हे तर आमच्या टीचर्स रूममधलं बोलणं. हुशार आहे हो, पण गृहपाठ असा का करते? घरी कोण असतं? पत्ता दिलाय तिथे घरच नाही, नुसती वखार आहे. पटनोंदणीला मी पण अशी पत्ते शोधत फिरलेय, आणि पत्त्यावर घर नसणं मला काही नवीन नाही.

मुलगी म्हणजे सुझन फोरमन, पंधरा वर्षांची. चेस्टरटन सर तीन मितींचं गणित घालतात तर ही म्हणते, तीन मितींत सुटणारच नाही, काळ आणि अवकाश धरल्याशिवाय कसं सुटेल? राइट बाईंनी दिलेलं फ्रेंच राज्यक्रांतीचं पुस्तक चाळते आणि म्हणते, हे असं नव्हतं. आणि तीच मुलगी शेंबड्या पोराला येणारं उत्तर चुकते. पौंडाचे शिलिंग किती, ते तिला सांगता येत नाही. तिला वाटलेलं असतं की इथे दशमान पद्धत आहे. शिक्षक झापतात, ती अमेरिकेत, आपल्याकडे नाही. मग ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणते, हो की, अजून सुरू झाली नाही.

“अजून.” त्या एका शब्दाने माझ्या अंगावर काटा आला. मला वाटतं, अख्ख्या भागातली सगळ्यात भीतिदायक जागा ती आहे. हा भाग दाखवला गेला २३ नोव्हेंबर १९६३ ला. ब्रिटनमध्ये वीस शिलिंगांचा पौंड आणि बारा पेनींचा शिलिंग चालला तो १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत. आता यात लेखकाला दिव्यदृष्टी होती असं नाही, नाणी दशमान करावीत असं सांगणारा सरकारी समितीचा अहवाल त्याच वर्षी आला होता. पण बघणाऱ्या पोरांना ते कशाला माहीत असणार!

मी थांबवून आईला समजावलं. आईला इंग्रजी बोलणं भरभर कळत नाही, पण पैशाचं लगेच कळलं. म्हणाली, “अगं, म्हणजे आमच्यासारखंच झालं की तिचं. फक्त उलटं.”

आणि मग डीव्हीडी पंधरा मिनिटं तशीच थांबून राहिली.

१ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे नवे पैसे आले तेव्हा आई आठ वर्षांची. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै हे सगळं नुकतंच पाठ झालेलं, आणि एकदम रुपयाचे शंभर. तिच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने, ते शेवटपर्यंत मनावर घेतलं नाही. मी लहान असताना सुद्धा ती “बारा आण्याची कोथिंबीर” म्हणायची आणि वाणी निमूटपणे पंचाहत्तर पैसे लावायचा. आईला अजून कोष्टक तोंडपाठ आहे: एक आणा सहा नवे पैसे, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस. “म्हणजे बघ, एकेक आण्याची वस्तू चार फेऱ्यांत आणली तर चोवीस, एकदम आणली तर पंचवीस.” त्या एका पैशासाठी ती आणि मामा वाण्याकडे चार खेपा घालायचे. वाणी ओरडायचा. तो वाचलेला पैसा कुठे गेला विचारलं तर हसली.

मी मनात ताळा केला. ‘नया’ हा शब्द नाण्यांवरून गेला १९६४ च्या जूनमध्ये. म्हणजे तिकडे लंडनच्या पडद्यावर सुझन “अजून नाही” म्हणत होती तेव्हा इकडे आईच्या मुठीत नवे पैसे सहा वर्षं खुळखुळत होते. आणि बोलण्यात आम्ही आजही सोळा आणे खरं बोलतो, पै-पैचा हिशोब ठेवतो.

भाग बसवणारा दिग्दर्शक वारिस हुसैन, वय वर्षं फक्त चोवीस. जन्म लखनौचा, १९४६ ला लहानपणीच इंग्लंडला गेलेला, लेखिका अतिया हुसैन यांचा मुलगा. निर्माती व्हेरिटी लँबर्ट सत्तावीस वर्षांची, बीबीसीच्या नाट्यविभागात तेव्हा निर्माती म्हणून एकटीच बाई. लाइम ग्रोव्हचा जुना, कोंदट स्टुडिओ यांच्या वाट्याला आला. सप्टेंबरात केलेलं पहिलं चित्रण वरिष्ठांनी, म्हणजे सिडनी न्यूमन यांनी, नापास केलं आणि ऑक्टोबरात सगळं पुन्हा करायला लावलं. डीव्हीडीवर तो नापास पेपरही आहे. त्यात त्या पेटीची, म्हणजे कालयंत्राची, दारं नीट लागत नाहीत, सुझनचे आजोबा जास्तच खवट आहेत आणि सुझन सरळ सांगून टाकते की माझा जन्म एकोणपन्नासाव्या शतकातला. दुसऱ्या वेळी तिच्या तोंडी फक्त दुसरा काळ, दुसरं जग एवढंच आहे. दुरुस्ती करणाऱ्याला माझे पैकीच्या पैकी.

एवढं करून प्रसारण आलं ते केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी. कुणाचं लक्ष असणार? पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला पुन्हा दाखवावा लागला.

आवाजांचं मात्र मला फार आवडलं. यंत्र निघतं तेव्हाची ती घरघर ब्रायन हॉजसनने आईच्या घराची किल्ली जुन्या पियानोच्या तारेवर घासून काढली. सुरुवातीचं संगीत रॉन ग्रेनरचं, पण ते प्रत्यक्षात आणलं डेलिया डर्बिशायरने, एकेक सूर टेपवर घेऊन, टेप कापून, चिकटवून. गोधडीच ती.

एक वाक्य खुपलं. दोघे शिक्षक सुझनच्या मागावर वखारीत जातात, त्या पेटीत शिरतात, तर आत हे प्रचंड दालन. सरांचा विश्वास बसेना, तेव्हा आजोबा, म्हणजे डॉक्टर, त्यांना रेड इंडियन माणसाची उपमा देतात: आगगाडी पहिल्यांदा बघून त्याच्या रानटी मनालाही तो भासच वाटला होता. डॉक्टर झालेले विल्यम हार्टनेल ते इतक्या तोऱ्यात म्हणतात की मास्तरांचं तोंड बघण्यासारखं होतं. पण लखनौहून आलेल्या त्या पोरसवद्या दिग्दर्शकाला ते वाक्य घेताना काय वाटलं असेल, कोण जाणे.

आणि मला आठवली ती एक मुलगी. ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली, तिसरीत, डिसेंबरात दाखल. फळ्यावर ४५ लिहून विचारलं, हे किती? म्हणाली, “दोन विसा पाच.” वर्ग हसला. मी म्हटलं, नीट सांग. तिने पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्याने, मला ऐकू आलं नसेल असं वाटून. मी चूक दिली. उत्तर बरोबर होतं. पाडव्याच्या सुमाराला टोळी गेली, तीही गेली. तिच्या घरी, म्हणजे उसाच्या फडातल्या कोपीवर, मी गेले नाही. राइट बाई निदान गेल्या तरी.

दुसरा भागही लावला होता. अश्मयुगातली टोळी, विस्तव कुणाला पेटवता येतो यावरून मारामारी, सगळ्यांचे केस पिंजारलेले. आई दहाव्या मिनिटाला पेंगली. तिला उठवून आत नेलं, पांघरूण घातलं, तर डोळे मिटूनच विचारते, “त्या पोरीचे आईबाप कुठे आहेत गं?”

“आजोबा आहेत ना.”

“ते बघितले मी,” म्हणाली. “आईबाप विचारतेय.”

उद्या तिसरा भाग लावू म्हटलं.