वर्षाचं भाडं नव्वद रुपये, तेही पाचशे वर्षांपासून

माझा मावसभाऊ म्युनिकला असतो. मागच्या महिन्यात त्याने आमच्या फॅमिली ग्रुपवर एकदम आठ-दहा फोटो टाकले, आणि सगळे फोटो कशाचे तर दाराच्या बेलच्या दांड्यांचे. लोखंडी दांडी, ओढली की आत घंटी वाजते, आणि प्रत्येक दांडीच्या टोकाला वेगळा आकार, कुठे तीन पाकळ्यांचं पान तर कुठे पाइनच्या झाडाचं बोंड. आधी वाटलं भाऊ अँटिक विकायला लागला की काय, मग कळलं की ही फुगेराय नावाची वस्ती आहे, जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहरातली, आणि तिथली सगळी घरं एकसारखी पिवळी, त्यात पूर्वी रस्त्यावर दिवे नव्हते, म्हणून रात्री अंधारात हाताने चाचपून आपलं दार कोणतं ते कळावं यासाठी हे वेगवेगळे आकार. मला ही आयडिया इतकी आवडली की त्या दिवशीपासून फुगेरायबद्दल जे सापडलं ते वाचूनच राहिलोय.

तर गोष्ट अशी आहे. याकोब फुगर नावाचा एक सावकार होता, साधासुधा नाही, राजांना कर्ज देणारा. चांदीच्या खाणी, तांब्याचा धंदा, आणि 1519 मध्ये पाचवा चार्ल्स जो पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट म्हणून निवडून आला ना, ती मतं विकत घ्यायला लागलेला बहुतेक पैसा याचाच. म्हणजे आपल्याकडे निवडणुकीत पैसा चालतो म्हणून नाकं मुरडतात त्यांनी हे जरूर वाचावं. तर या माणसाने त्याच सुमारास आपल्या शहरातल्या गरिबांसाठी वस्ती बांधायला घेतली आणि 1521 मध्ये रीतसर दानपत्र लिहून ठेवलं. भाडं ठरवलं वर्षाला एक गुल्डन, म्हणजे तेव्हाचं तिथलं नाणं. आणि आज 2020 च्या दशकात भाडं किती, तर तेच, एक गुल्डन, युरोत हिशोब केला की 88 सेंट. आपले नव्वद रुपये धरा. वर्षाचे! वीज, हीटिंग वगैरेचे पैसे वेगळे द्यावे लागतात, पण भाडं तेवढंच. ग्रुपवर हे टाकल्याबरोबर आमची सुमनकाकू म्हणे, "बाप्पा! आपल्याले देतील का रे तिथं?"

नाही देणार काकू. अट आहे. ऑग्सबर्गचाच रहिवासी पाहिजे, कॅथलिक पाहिजे, आणि खरोखर गरजू पाहिजे. शिवाय दिवसातून एकदा तीन ठरलेल्या प्रार्थना म्हणायच्या, फुगरच्या कुटुंबासाठी. ते कोणी तपासत नाही म्हणा. पण मला खटकलं ते दुसरंच, ही वस्ती भिकाऱ्यांसाठी नव्हतीच. कष्ट करून खाणारा पण आजारपणाने नाहीतर धंदा बुडाल्याने अडचणीत आलेला कारागीर, मजूर, अशांसाठी होती. म्हणजे गरिबातही "चांगला गरीब" निवडून घ्यायचा. पाचशे वर्षांपूर्वीचा काळ होता वगैरे ठीक आहे, पण ही वृत्ती काही जुनी झालेली नाही, आपल्याकडेही मदत देताना लोक आधी समोरच्याचं कॅरेक्टर सर्टिफिकेट मागतातच.

राहणाऱ्यांमध्ये एक फेमस नाव आहे, फ्रान्झ मोझार्ट, गवंडी होता, संगीतकार मोझार्टचा पणजोबा. आता 67 घरं आहेत, 140 फ्लॅट, दीडशेच्या आसपास माणसं, जास्त करून म्हातारी. खालच्या मजल्याला छोटी बाग, वरच्याला माळा, आणि दोघांची दारं वेगवेगळी, म्हणजे जिन्यावरून भांडण नको. हे ज्याने ठरवलं तो नक्की कुठल्यातरी वाड्यात वाढला असेल. रात्री दहाला गेट बंद होते, उशिरा आलं की वॉचमनला 50 सेंट द्यायचे, बाराच्या नंतर एक युरो. म्हणजे एखादा दर महिन्याला एकदा मध्यरात्री आला तर त्याचा गेटचा खर्च घरभाड्याच्या तेरा-चौदा पट! आणि वॉचमन कोण, तर तिथलेच रहिवासी आळीपाळीने. बघायला येणाऱ्या टुरिस्टला तिकीट आहे, आणि एका तिकिटाचे पैसे रहिवाशाच्या सात वर्षांच्या भाड्यापेक्षा जास्त.

पण माझं डोकं अडकलं ते एकाच गोष्टीवर, हे टिकलं कसं? सतराव्या शतकात युरोपात जे तीस वर्षं युद्ध चाललं त्यात स्वीडिश सैन्याने वस्तीची पार वाट लावली होती. फेब्रुवारी 1944 मध्ये एका रात्रीच्या बॉम्बिंगमध्ये बहुतेक वस्ती पडली, माणसं बंकरमध्ये होती म्हणून वाचली. आणि काही दिवसांतच, म्हणजे युद्ध चालूच असताना, फुगर कुटुंबाने बसून ठरवलं की पुन्हा बांधायचं. फुगरची स्वतःची पेढी तर कधीच बुडाली, स्पेनच्या राजांनी कर्ज बुडवली त्यात कंबरडं मोडलं. पेढी गेली आणि धर्मादाय राहिला. कारण पुढच्या पिढ्यांनी संस्थेचा पैसा जमिनीत आणि जंगलात घातला, आजही बराच खर्च जंगलाच्या लाकडातून निघतो. आणि कारभार अजूनही फुगरच्या वंशजांकडे, तीन शाखांकडे, एकाने काही वेडंवाकडं करायचं म्हटलं तर बाकीचे दोन बसलेलेच.

इथे मला गाडगेबाबा आठवले, आणि ते अगदी उलटे. फुगर युरोपातला सगळ्यात श्रीमंत, आणि बाबांच्या हातात खराटा अन् फुटकं गाडगं. बाबांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली, कारण अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्या वारकऱ्यांना तिथे कोणी ओसरीवरही उभं करत नव्हतं. तिथे चांगला गरीब-वाईट गरीब भानगडच नव्हती. मग नाशिक, आळंदी, आणि मुंबईत जे. जे. हॉस्पिटलच्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी. आणि स्वतः कुठे झोपत, तर झाडाखाली. पण मुद्दा माझा तो नाही, मुद्दा असा की बाबांनी आपल्या घरच्यांना या मालमत्तेपासून लांब ठेवलं. मालमत्ता ट्रस्टची, बायकोपोरांचा त्यावर हक्क नाही. पंढरपूरची धर्मशाळा तर त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. एकाने घरच्यांना पहाऱ्यावर बसवलं, दुसऱ्याने घरच्यांना गेटाबाहेर ठेवलं, आणि भीती दोघांची एकच, आपण गेल्यावर हे कोणीतरी खाऊन टाकेल.

भीती खोटी नाही. नागपुरात धर्मशाळा म्हणून लावलेली जुनी पाटी आणि तिच्याखाली मोबाइल कव्हरची दुकानं हे ज्याने पाहिलं नाही तो नागपूरचा नाही. आपल्याकडे कायदा आहे, 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, त्याच्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची परवानगी घेतल्याशिवाय ट्रस्टची जागा विकता येत नाही, लांब मुदतीच्या लीजवर देता येत नाही. कागदावर कडक आहे. पण फुगेरायमध्ये कागदासोबत जंगलपण होतं ना भाऊ. आपल्याकडे दानशूर माणूस बिल्डिंग बांधून देते, दगडावर नाव कोरते आणि दरवर्षीच्या रंगरंगोटीचे, नळाच्या दुरुस्तीचे, झाडूवालीच्या पगाराचे पैसे कुठून येतील ते काही लिहून ठेवत नाही, मग ट्रस्टी बिचारे, किंवा बिचारे नसलेले, समोरची खोली दुकानाला देतात. आधी एक खोली, मग अख्खा दर्शनी भाग.

नागपूरच्या मेडिकलजवळ, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलजवळ, गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे म्हणून बरं. तरी कधी रात्री मेडिकलला जायचं काम पडलं तर पाहा, गडचिरोलीपासून, बालाघाटपासून आलेली माणसं चटई टाकून व्हरांड्यात झोपून राहतात, उशाला डबा आणि फायलींची पिशवी. तुमच्यापैकी कोणाचे आजोबा-पणजोबा एखाद्या धर्मशाळेच्या ट्रस्टवर असतील तर घरात जुनी ट्रस्टडीड सापडते का पाहा अन् खाली कमेंटमध्ये सांगा, त्यात खर्चाची सोय काय लिहिली आहे ते मला वाचायचं आहे.