अप्पांचं इनलँड

रविवार, रात्री

अप्पांच्या पत्रात 'अभ्यास कर' असं कुठंच नाही. आज ते निळं इनलँड पुन्हा वाचलं, या खेपेला मुद्दाम शिक्षिकेच्या नजरेनं.

अप्पा, म्हणजे माझे वडील, तेव्हा मराठा लाइट इन्फंट्रीत. पत्त्यावर कायम '५६ एपीओ', हा लष्करी टपालाचा पत्ता, त्यामुळं माणूस नेमका कुठं आहे हे घरी कुणाला ठाऊक नसायचं. मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत, दहावीला. ६२५ गुणांपैकी १०० कानडीचे, आणि माझं घोडं तिथंच पेंड खायचं. आज्जा दर १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधात काळी फीत लावून बेळगावच्या फेरीला जाणारे. "पास होण्यापुरतं कानडी बास की," हे त्यांचं मत.

पत्रात आधी भातकापणीची चौकशी, म्हशीची चौकशी. मग एकदम: "बाळे, शेताचा उतारा कानडीत येतो. आज्जांना तो दुसऱ्याकडनं वाचून घ्यावा लागतो, आणि तो सांगेल तेच खरं मानावं लागतं. तो वाचणारं एक माणूस आपल्या घरात पाहिजे. मी सुट्टीवर आलो की मला वाचून दाखव."

धाक नाही, बक्षीस नाही, शेजारच्या पोराशी तुलना नाही. नुसतं एक काम सोपवलंय, तेही झेपेल एवढंच. सर्व्हे नंबर, खातेदाराचं नाव, एकर-गुंठे. तरी चलाखी आहेच. घराची गरज पंधरा वर्षांच्या पोरीच्या पदरात टाकल्यावर ती नाही कशी म्हणणार? आज एखाद्या पालकानं असं केलं तर मी त्याला दोन शब्द सुनावीन बहुतेक.

पण खरी गंमत वेगळीच. आलेलं पत्र घरात मीच मोठ्यानं वाचायची, हे अप्पांना पक्कं माहीत होतं. आज्जांना तोंडावर सांगण्याची त्यांची छाती नव्हती. ते त्यांनी माझ्या तोंडून, सगळ्यांसमोर वदवून घेतलं. सीमाप्रश्नाचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर वाद पेटून पत्र बाजूलाच राहिलं असतं. आज्जा ऐकून काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी मला दळणाला पाठवणं मात्र बंद झालं.

आमच्या शाळेच्या भिंतीवर लिंकनच्या नावाचं ते प्रसिद्ध पत्र आहे. ते त्यानंच लिहिलं याला पुरावा नाही म्हणतात, ते राहू दे. माझी तक्रार एवढीच की ते हेडमास्तरांना लिहिलंय. पोराला कुणी काही विचारलेलंच नाही.

अप्पा सुट्टीवर आले आणि खरंच उतारा पुढं ठेवला. मी गुंठ्यांपर्यंत नीट वाचला, पिकाच्या रकान्यात मात्र मी अडखळले.

"भात असणार," आज्जा म्हणाले. "दुसरं काय पिकतंय आपल्यात?"