आमची वाटचाल : 20 मेंढ्या आणि एक लाल रकाना

2009 च्या दिवाळीनंतर आम्ही 20 दख्खनी मेंढ्या आणि 1 एडका, म्हणजे नर मेंढा, आणला. गाव कारंजा तालुक्यातलं, जमीन काळी, तुरीचं आणि सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) घरचंच. बंदिस्त, म्हणजे गोठ्यात ठेवून मेंढीपालन म्हटल्यावर मेंढपाळांच्या वाड्यावरची म्हातारी माणसं हसली. मेंढरू पायावर जगते, म्हणाली. एकटे आबा हसले नाहीत. त्यांच्याजवळ पैसा नव्हता, जन्म मेंढरांत गेला होता. त्यांना चार आणे वाटा दिला. घरच्यांनी तेव्हा तोंड वाकडं केलं होतं, ते अजून माझ्या लक्षात आहे.

पहिल्याच रात्री मी वही काढली आणि गुणाकार मांडला. मेंढीची गाभण दीडशे दिवसांची, म्हणून वर्षाला दोन वेत. दर वेताला जुळं. म्हणजे 20 ला 80 कोकरं, त्यात 40 माद्या. पुढच्या वर्षी 60 मेंढ्या, मग 180, मग 540. आबांनी कंदिलाजवळ वही धरली. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "काऊन रे पोट्ट्या, मेंढी का मशीन हाय? पयले वजा कर, मंग मिळव."

तेव्हापासून आमच्या वहीत सगळ्यात आधी लाल शाईचा रकाना येतो. मेलेली, गाभडलेली (गर्भ पडलेली), भाकड राहिलेली आणि काढून विकलेली त्यात जातात. कोकरू 90 दिवसांचं झाल्याशिवाय काळ्या शाईत चढत नाही.

खरा हिशेब असा निघाला. पहिल्या वर्षी 20 कोकरं झाली, 90 दिवसांना 17 उरली. त्यात 8 माद्या. दोन बारक्या काढल्या, 6 ठेवल्या. जुन्यांतली एक मेली आणि तीन विकल्या. विकलेल्यांत एकीची कास दगड झालेली, दोघी दोनदा एडका दाखवूनही गाभण न राहिलेल्या. उरल्या 22. पुढच्या वर्षी 24, त्याच्या पुढच्या वर्षी 27. मधल्या वर्षी वाढ का दिसत नाही, असं लोक विचारतात. अहो, ठेवलेली मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय विणार कशी? तोवर ती कुटार खाते आणि वहीत मेंढी म्हणून मिरवते. दख्खनीत जुळं क्वचितच, आणि दोन वर्षांत तीन वेतं साधली तर गोठ्यावर नारळ फोडावा.

एक सांगतो, कोणी विचारलेलं नाही तरी. एडक्याच्या छातीला तेलात कालवलेला गेरू फासा. ज्या मेंढीवर तो चढेल तिच्या पाठीवर रंग उमटतो. 17 दिवसांनी गेरू बदलून नीळ लावा, कारण मेंढीचा माज तेवढ्याच दिवसांनी परततो. गेरूवर नीळ चढली म्हणजे ती पहिल्या खेपेला राहिली नाही. फक्त गेरू असेल तर तारखेत 150 मिळवा आणि बाळंतिणीची जागा तयार ठेवा. हा गेरूचा डबा, कानात बिल्ला मारायचा चिमटा आणि ताणकाटा, एवढ्यावर आमचा धंदा उभा आहे. चिमटा अजून तोच आहे, स्प्रिंग दोनदा बदलली.

एवढं शिकूनही 2012 मध्ये मी माती खाल्ली. 27 चा आकडा डोळ्यांना बारीक वाटायला लागला. बँकेत पहिल्या रात्रीचाच गुणाकार नव्या कागदावर नेला आणि कर्ज काढून 60 मेंढ्या आणल्या. आबा बोलले नाहीत. दोन दिवस जेवले मात्र वेगळे.

2013 चा पावसाळा विदर्भात ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. गोठ्याची जमीन उचललेली नव्हती, काळी माती खुरांत भरायची. पाऊस उघडला आणि चिलटं उठली. आधी दोघींना ताप, मग तोंड सुजलं, लाळ गळू लागली, जीभ निळी पडली. नीलजिव्हा. हा रोग एका मेंढीवरून दुसरीवर उडी मारत नाही, चिलट चावून पसरतो, हे डॉक्टरांनी सांगितलं तोवर आम्ही आजारी मेंढ्या वेगळ्या बांधण्यातच आठवडा घालवला होता. तो आठवडा धूर करण्यात जायला हवा होता. त्या दिवशी दावणीला 87 मेंढ्या आणि 25 कोकरं होती. 29 मेंढ्या आणि 12 कोकरं गेली. उरलेल्यांतल्या 14 गाभडल्या. लाल रकाना पानाखाली गेला, उलट्या पानावर लिहावं लागलं. मेल्या 41, पण हिशेबात नुकसान त्याहून जास्त. गेलेल्या मेंढीबरोबर तिची पुढची चार-पाच वेतंही जातात, आणि कर्जाचा हप्ता तेवढाच राहतो.

तेव्हा कारंज्याचे चाचा आले. दर आठवड्याला येणारे आमचे बेपारी. काटा नेहमी आमचाच वापरायचे, स्वतःचा कधी आणला नाही. गोठ्यात द्यायला एकही धड नर नव्हता. पिशवीतून पैसे काढून म्हणाले, "पुढच्या बकरी ईदचे. वहीत मांडून ठेव." जे नर अजून जन्मलेही नव्हते त्यांची उचल! हप्ता त्यातून गेला. आजही पहिला नर चाचांनाच दाखवतो, मग बाजारात नेतो.

2014 ते 2017 मध्ये सांगण्यासारखं फार काही नाही. गोठ्याला लाकडी फळ्यांचा ओटा केला, आंत्रविषार या आतड्याच्या रोगाची लस पावसाळ्याच्या तोंडावर चुकवली नाही, मेंढ्या हळूहळू वाढल्या.

पण 2018 विसरता येत नाही. तालुक्याच्या गावचा एक हुशार माणूस आमच्याकडे चार दिवस मुक्कामी होता. पाहुणा म्हणून सौ.ने त्याला वांग्याची भाजी आणि भाकर खाऊ घातली. त्यानं आमची वही उतरवून घेतली. दोन महिन्यांनी गावोगाव त्याचं पत्रक आलं. त्यात आमच्या गोठ्याचा फोटो, आमचाच तक्ता, फक्त लाल रकाना गायब! खाली मोठ्या अक्षरात "20 च्या 540". त्याच्याकडून मेंढ्या घ्यायच्या, त्यानंच परत घ्यायच्या. दोन वर्षांनी परत घ्यायला कोणी आलं नाही. शेतकरी मात्र आमच्या दारात आले, कारण फोटोत आमचा गोठा होता. एका म्हाताऱ्या बाईनं गळ्यातलं विकून मेंढ्या घेतल्या होत्या. तिच्यापुढे वही उघडून तरी काय दाखवणार? आबा तेव्हा गेलेले होते, ते बरंच झालं.

फलटणच्या निंबकर संस्थेनं बंगालच्या गरोळ मेंढीतला जुळ्यांचा गुण दख्खनीत आणून नारी सुवर्णा ही जात तयार केली, ती आता आमच्याकडेही आहे. त्यातही लोक फसतात. तो एडका आणला म्हणून तुमच्या जुन्या मेंढ्या जुळी देणार नाहीत. देतील त्याच्या लेकी, आणि त्याला वेळ लागतो. एडक्याला तो गुण दोन्हीकडून आला असेल तर सगळ्या लेकींत उतरतो, एकीकडून असेल तर निम्म्यांत. लेकी वयात यायच्या आत एडका बदलायचा, नाहीतर बापलेकीचा कळप होतो. आणि जुळ्यांना दूध पुरत नाही, म्हणून आईला सरकी ढेप आणि तुरीची चुनी वाढवावी लागते. ती वाढवायची नसेल तर एकच कोकरू बरं.

आज सकाळी 214 नंबरच्या मेंढीनं जुळं दिलं, एक नर, एक मादी. मादी जरा बारीक आहे, दोन वेळा बाटलीनं पाजतो आहोत. धाकट्यानं पेन घेतला होता, मी काढून ठेवायला लावला. 90 दिवस झाले की चढवू.