ऋषिकेश ते बद्रीनाथ: पंचप्रयागांच्या वाटेने

ऋषिकेशहून बद्रीनाथ साधारण 300 किलोमीटर. तरी एका दिवसात पोहोचायचा बेत नकोच. जोशीमठ 1,900 मीटरच्या आसपास, बद्रीनाथ 3,100 च्या वर. एकदम चढलं की डोकं दुखतं, मळमळतं. पीपलकोटी किंवा जोशीमठला मुक्काम करा.

पाचही प्रयाग याच वाटेवर आहेत: देव, रुद्र, कर्ण, नंद आणि जोशीमठच्या पुढे विष्णुप्रयाग. वेळ द्यायचा तो देवप्रयागला. भागीरथी आणि अलकनंदा वेगवेगळ्या रंगांनी येऊन मिळतात, पुढे नाव गंगा. अंघोळ घाटावरची साखळी धरूनच. ओढ फार असते.

चारधाम नोंदणी घरूनच ऑनलाइन करून ठेवा. पहाटे निघा, रात्री यात्रेच्या गाड्या अडवतात. जुलै-ऑगस्ट टाळाच: पावसाने डोंगर सैल होतो, सिरोबगड, लामबगडला दरड आली की तासन्‌तास खोळंबा. उतारावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा. सारखा ब्रेक दाबला तर तो तापतो आणि ऐन वळणावर लागत नाही.

बद्रीनाथला आधी तप्तकुंड, मग दर्शन. पाणी चांगलंच कढत असतं, एकदम उतरू नका; आधी अंगावर तांब्याने घ्या.