बस्तकियाचे बारजील

दुबईत पाहुणे आले की त्यांची यादी ठरलेली असते: बुर्ज खलिफा, वाळवंट, सोन्याचा बाजार. त्यात मी अल फहिदी घुसवतो. मीना बाजारातून खाडीच्या दिशेने चालत गेलं की हा जुना मोहल्ला लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणच्या बाजूचे व्यापारी इथे स्थिरावले आणि घर बांधायची आपली रीत सोबत घेऊन आले. त्यांच्या बस्तक गावावरून याला बस्तकिया म्हणत.

घरांच्या डोक्यावर चौकोनी मनोरे दिसतात, ते बारजील. चारही बाजूंनी उघडे, आत फुलीसारख्या उभ्या भिंती. वारा कुठूनही येवो, ज्या बाजूला आपटेल तिथून खाली खोलीत उतरतो आणि आतली गरम हवा पलीकडच्या बाजूने वर निघून जाते. समुद्रकाठच्या दमट हवेत एसीसारखा गारवा काही मिळत नाही, पण खाली उभं राहिलं की मानेवरचा घाम सुकतो. मुंबईकराला याची किंमत सांगायला नको!

मला स्वतःला मनोऱ्यांपेक्षा भिंती जास्त आवडतात. प्रवाळाचा दगड, वर जिप्समचा गिलावा. दगड सच्छिद्र, त्यामुळे ऊन आत शिरायला वेळ लागतो. छताला पूर्व आफ्रिकेतून गलबतांनी आणलेले खारफुटीचे वासे. ते जेमतेम 3-4 मीटर लांब, म्हणून खोल्याही अरुंद. गल्लीकडे तळमजल्याला खिडक्या जवळपास नाहीतच, सगळं घर आतल्या अंगणाकडे तोंड करून बसलेलं. दार उघडं असलं तरी रस्त्यावरून अंगण दिसू नये म्हणून आतली वाट वळवलेली. पाहुण्यांना बसवायची खोली, म्हणजे मजलिस, दाराजवळच, त्यामुळे परका माणूस आला तरी घरातल्या बायकांचा वावर मोकळा. ऊन आणि नजर, दोन्ही एकाच भिंतीने अडवली. गल्ल्या तर इतक्या चिंचोळ्या, की एका घराची सावली समोरच्या घराला मिळते.

1980 च्या दशकात या मोहल्ल्याचा बराच भाग पाडला गेला. आणि आता नव्या हॉटेलांवर, मॉलवर हेच मनोरे शोभेला चढवतात. खाली काचा आणि एसी. अबू धाबीत नव्याने वसवलेल्या मसदर सिटीत मात्र वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांच्या कंपनीने 45 मीटर उंच बारजील उभारताना रस्तेही अरुंद ठेवले, इमारती एकमेकींवर सावली धरतील अशा खेटून बांधल्या. मनोरा उचलायचा तर गल्लीही उचलावी लागते, हे तिथे दिसतं.

फिरायला सगळे डिसेंबरात येतात. बारजीलची गंमत बघायची असेल तर मे महिन्यात भरदुपारी या. पाण्याची बाटली मात्र विसरू नका.