विचारलं म्हणून

परळच्या एका रक्तपेढीत मी तंत्रज्ञ आहे. प्लेटलेट देणाऱ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप गटही मीच सांभाळते. तो नोकरीचा भाग नाही, पण त्याच्याशिवाय आमचं भागत नाही. प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, जेमतेम 5 दिवस टिकतात, त्याही 20 ते 24 अंशांवर, सतत हलत्या ठेवून. साठवण अशी होतच नाही. केमोनंतर एखाद्या पोराचा प्लेटलेटचा काऊंट कोसळला की तास-दीड तास मशीनवर बसायला तयार असा माणूसच शोधावा लागतो.

ऑगस्टातल्या एका संध्याकाळी ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, मुलीसाठी ए निगेटिव्ह दाता हवा होता. मी निरोप टाकला. डोंबिवलीच्या एका नव्या मुलीने लिहिलं, "माझा गट जुळतो. काल डोकं दुखत होतं म्हणून अ‍ॅस्पिरिन घेतली. चालेल का?"

असा प्रश्न विचारणारा दाता मला सगळ्यात मोलाचा वाटतो. अ‍ॅस्पिरिन घेतली की प्लेटलेट एकमेकींना नीट चिकटत नाहीत, म्हणून गोळीनंतर 3 दिवस आम्ही त्या माणसाच्या प्लेटलेट घेत नाही. दात्याचा काऊंट उत्तम येतो, पिशवी छान भरते, पण रक्त थांबवायचं काम ती पिशवी धड करत नाही. आणि आमच्या नेहमीच्या कुठल्याच तपासणीत ती गोळी दिसत नाही. दात्याने सांगितली तरच कळते.

माझ्याआधी काकांनी, म्हणजे गटातल्याच एका नेहमीच्या दात्याने, उत्तर दिलं: "यायचं नसेल तर सरळ सांगा. डोकेदुखीची नाटकं इथे नकोत. तिकडे पोर मरतंय." खाली दोघांनी टाळ्या टाकल्या. मुलगी गटातून निघून गेली.

काका तापट नाहीत. नातेवाइकांशी फोनवर तासन्‌तास मायेने बोलतात. म्हणून मी त्यांना सरळच विचारलं. म्हणाले, "मुद्दाम करतो. चाळणी लागते. चार शब्द ऐकून टिकतात तेच पक्के."

पण या चाळणीतून गळतात कोण? खरं सांगणारे. उरलेले एकच शिकतात: इथे गोळीचं नाव काढायचं नाही. हा नुसता उद्धटपणा नाही, त्याची किंमत पेशंट मोजतो.

मी तो मेसेज काढला, काकांना गटातून काढलं आणि का काढलं ते गटावरच लिहिलं. एक वरिष्ठ म्हणाले, घरातलं भांडण चव्हाट्यावर कशाला? अपमान चव्हाट्यावरच झाला होता. "पण त्यांचं काम बघ" हे वाक्य तर मला आता सहन होत नाही. प्लेटलेट वर्षाला 24 वेळाच देता येतात आणि काका त्या मर्यादेच्या जवळ जाणारे, हे मला कुणी सांगायला नको, त्यांच्या नोंदी मीच करते. गप्प निघून गेलेल्यांची नोंद कुणाकडे आहे?

त्या रात्री दाता मिळाला तो काकांच्याच वहीतला. मी फोन केला, त्यांनी लगेच नंबर दिला. हे मी विसरत नाही, विसरायचंही नाही.

मुलीलाही फोन केला. मुदत संपल्यावर ती आली, प्लेटलेट दिल्या, पण गटात परत यायला तयार नाही.

काकांना परत घ्या म्हणून अजून निरोप येतात. त्यांनी गटासमोर तिची माफी मागावी, एवढीच माझी अट आहे. ती मी सोडणार नाही.