आमची वाटचाल : टॉवेलात गुंडाळलेली बाटली

वडिलांनी सोलापुरात दारूचं दुकान घेतलं तेव्हा वाइनला फळीचा एक कोपरा होता. लोक व्हिस्की, रम, बिअर नेत. वाइन कुणी मागितलीच तर केकमध्ये घालायला, नाहीतर 'हृदयाला बरी असते' असं कुणीतरी सांगितलं म्हणून. २००१ साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, नाशिककडच्या बाटल्या नियमित मिळू लागल्या. पुढे आपल्याच जिल्ह्यात, अकलूजच्या बाजूला फ्रॅटेली या वाइन कंपनीच्या बागा उभ्या राहिल्या आणि इटलीची सांजोवेझे ही द्राक्षाची जात माळशिरस तालुक्यात पिकू लागली. वाइनकडे नीट वळायचं हे आमच्या घरात त्याच सुमारास ठरलं.

अडचण एकच होती. गिऱ्हाईक लेबल आणि किंमत बघून चव ठरवायचं. त्यावरचा उपाय जुना आहे आणि तोही एका दुकानदाराचाच. पॅरिसमध्ये वाइनचं दुकान चालवणाऱ्या स्टीव्हन स्परियर या इंग्रज माणसानं २४ मे १९७६ रोजी फ्रेंच परीक्षकांसमोर लेबल न दाखवता फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन ठेवल्या. पांढऱ्यात आणि लालमध्येही पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा आला. आम्ही तेच सोलापुरी पद्धतीनं करतो. पातळ कागदात बाटलीचे खांदे ओळखू येतात आणि जाणकार लगेच 'बोर्दो' (फ्रान्सचा वाइनसाठी प्रसिद्ध भाग) म्हणून मोकळा होतो. आपल्याकडच्या जाड टॉवेलात ते लपतात, शिवाय थंड पांढऱ्या वाइनच्या बाटलीला सुटलेलं पाणीही टिपलं जातं. वर सेफ्टी पिननं नंबराची चिठ्ठी लावली की झालं.

आमचा परवाना बंद बाटली विकायचा, त्यामुळे दुकानात ग्लास भरता येत नाही. ओळखीच्या हॉटेलच्या परमिट रूममध्ये दर डिसेंबरात आठवडाभर चाखायला बसतो. २१ पूर्ण नसलेल्याला प्रवेश नाही. डिसेंबरच का? लाल वाइन १६ ते १८ अंशांत चांगली लागते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा. नंदीध्वज निघतात त्या दिवसांत आम्ही ग्लास काढत नाही; हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही.

पहिले दोन दिवस पांढऱ्या वाइनचे. सोबत कडक भाकरी आणि शेंगा चटणी. चटणीच्या तिखटावर तुरट लाल वाइन घेतली तर तोंड पेटतं. किंचित गोडसर शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन मात्र छान जमते. चीजची ताटली आम्ही एका वर्षातच बंद केली.

मधल्या दिवशी एक खोडी असते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली होती, आणि त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. आमच्याकडे रंग घालत नाही, काळ्या ग्लासात देतो. त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त हशा असतो, आणि वकील मंडळी सगळ्यात जास्त चुकतात.

पण नाकाची ताकद दाखवली ती एका निवृत्त पद्मशाली विणकरानं. तीन नंबरची बाटली हुंगून ते म्हणाले, 'मालक, खळ लावलेलं सूत ओलं राहून कुबट झालं की असा वास येतो.' बूच तपासलं तर ते बिघडलेलं. पुस्तकात या दोषाला ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणतात. लिटरमागे ट्रायक्लोरोअॅनिसोल या रसायनाचे काही नॅनोग्रॅम त्याला पुरतात. तेव्हापासून आमच्या नोंदवहीत 'खळ' असाच शेरा असतो आणि ती बाटली पुरवठादाराकडे परत जाते.

एक संध्याकाळ चाखायची सुट्टी. सगळे मिळून हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकाला जातो, किंवा कुठे शाहिरी असली तर तिकडे. रामजोशींच्या गावात लावणी ऐकायला पाहुणे शोधावे लागत नाहीत.

शनिवारी सकाळी नान्नज. नानासाहेब काळे यांनी सोनाका ही खायच्या द्राक्षाची जात विकसित केली ते हेच गाव. तिथल्या बागायतदारांना वाइनच्या द्राक्षाचं नवल वाटतं : मणी बारीक, साल जाड, आत बिया. 'एवढ्याशा मालासाठी ऑक्टोबर छाटणी करायची?' असं एकानं विचारलं. रास्त प्रश्न आहे. एकरी माल कमी ठेवला तर दर परवडला पाहिजे. रंग आणि बराचसा तुरटपणा त्या सालीतूनच येतो, हे मात्र त्यांना एका घोटात पटतं.

रविवारी अकलूजकडची सांजोवेझे आणि मुख्यतः त्याच जातीपासून होणारी इटलीतल्या टस्कनीची कियांती शेजारी शेजारी. मागच्या हिवाळ्यात मतं जवळजवळ निम्मी-निम्मी पडली. टॉवेल काढल्यावर एक डॉक्टर किंमत ऐकून आपले गुण बदलायला निघाले, ते आम्ही बदलू दिले नाहीत.

या गुणांवरच वर्षाची खरेदी ठरते. फळ्याही आता देश किंवा किमतीप्रमाणे लावत नाही : हलकी, आंबूस, गोडसर, तुरट. धाकट्या भावाला दर्शनी भागात महागडी परदेशी लेबलं हवीत. दिवाळीच्या भेटींसाठी ती खपतात हे खरं आहे, म्हणून एक फळी त्याला दिली आहे.